शुक्रवारचं पापलेट



आपण उपवासकाळात भेटतो आहोत आणि आज शुक्रवार आहे. वसईपासून माहीमपर्यंत अनेक कॅथलिक घरांत आज मटण-कोंबडी शिजली नसेल. कुठे पापलेट तळलं असेल, कुठे सुरमईचं कालवण झालं असेल. शुक्रवारी मांस वर्ज्य आहे, मासे चालतात. पापलेटचा भाव मटणाच्या वर गेलेला असला तरी नियम पाळला जातो आणि पाळणाऱ्याच्या मनात शंकाही येत नाही. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो, पण शेजाऱ्याच्या साबुदाण्याकडे पाहून. ती आपल्या शुक्रवारकडे वळवावी, एवढ्यासाठी मी उभा आहे.

मांस नको आणि मासे चालतील, हे ठरलं कसं? तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्विनास यांनी त्याची कारणमीमांसा केली. जमिनीवरच्या प्राण्यांचं मांस माणसाला अधिक आवडतं, अधिक पुष्टी देतं आणि वासना चाळवतं, म्हणून उपवासात ते सोडायचं, असा त्यांचा युक्तिवाद. म्हणजे कसोटी आवडीची होती. आता ही कसोटी कोकणकिनाऱ्यावर लावून पाहा. ज्याचा जीव बांगड्यात आणि बोंबलात अडकला आहे, त्यानं मटण सोडलं तर काय सोडलं? अक्विनास अर्नाळ्याला जन्मले असते, तर शुक्रवारी मासळीच वर्ज्य झाली असती, असं मला खरोखर वाटतं. त्यासाठी बंड करायलाही नको. 1983च्या कॅथलिक धर्मसंहितेत शुक्रवारी मांस 'किंवा' त्या देशातल्या बिशपांच्या परिषदेनं ठरवलेला दुसरा एखादा पदार्थ सोडण्याची तरतूद आहे. आपण त्या 'किंवा'कडे फारसं पाहत नाही.

पण ताटातला पदार्थ बदलून भागेल, असं मी म्हणत नाही. खरी गोष्ट त्याहून जुनी आहे. दुसऱ्या शतकात रोममध्ये 'हर्मासचा मेंढपाळ' नावाचा एक ग्रंथ लिहिला गेला. त्यात उपवासाची रीत अगदी हिशेबी भाषेत सांगितली आहे. त्या दिवशी फक्त भाकर आणि पाणी घ्यावं, एरवी जे जेवलो असतो त्याचा खर्च मोजावा आणि तेवढी रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्यावी. उपवासाला आधी पोटाची आणि मग पैशाची, अशा दोन बाजू होत्या. यशया संदेष्ट्याच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात तर देव मान लववणाऱ्या, गोणपाट अंथरणाऱ्या उपवासाला सरळ नाकारतो आणि भुकेल्यासाठी आपल्या भाकरीतला वाटा मागतो. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू दान, प्रार्थना आणि उपवास यांविषयी एकापाठोपाठ बोलतो. आपण ही तिन्ही सुटी केली. उपवास स्वयंपाकघरात गेला, प्रार्थना रोझरीच्या मण्यांवर आणि दान रविवारच्या थैलीत. शुक्रवारच्या ताटाचा आणि रविवारच्या थैलीचा एकमेकांशी संबंध उरला नाही.

इथे झुरिकमधली एक घटना सांगतो. 1522च्या उपवासकाळात ख्रिस्तोफ फ्रोशाउअर या छापखानदाराच्या घरी काही जणांनी धुरावलेले सॉसेज वाटून खाल्ले. छापखान्यात कामाचा प्रचंड रेटा होता, राबणाऱ्या माणसांना अन्न हवं होतं. तिथला धर्मगुरू उलरिख झ्विंगली त्या वेळी हजर होता. त्यानं स्वतः तुकडा घेतला नाही, पण खाणाऱ्यांची बाजू मात्र घेतली. नगर परिषदेनं चौकशी लावली तेव्हा त्यानं व्यासपीठावरून सांगितलं की, असा नियम शास्त्रात नाही. ज्याला उपवास करायचा त्यानं करावा, दुसऱ्यावर लादू नये. स्वित्झर्लंडमधल्या धर्मसुधारणेची पहिली ठिणगी म्हणून हा प्रसंग ओळखला जातो.

झ्विंगलीचं म्हणणं मला पटतं. सोळा तास उभं राहून खिळे जुळवणाऱ्यावर उपाशी राहण्याची सक्ती करणं हा धर्म नव्हे. मात्र पुढे जे झालं त्याचं मला दुःख आहे. आपल्याकडच्या कितीतरी प्रोटेस्टंट घरांत नियम गेला, त्याबरोबर उपवासही गेला आणि 'मनाचा भाव महत्त्वाचा' हे वाक्य तेवढं उरलं. एका बाजूला भाव नसलेलं पापलेट, दुसऱ्या बाजूला ताटापर्यंत न पोचलेला भाव. मला यातलं काहीच पुरेसं वाटत नाही. भूक अंगावर घेतल्याशिवाय दिलेलं दान चांगलंच असतं, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण दुपारी दोनला पोटात खड्डा पडल्यावर दुसऱ्याची भूक जशी कळते, तशी ती धनादेशावर सही करताना कळत नाही.

1966 साली पोप सहावे पॉल यांनी प्रायश्चित्ताचे नियम नव्यानं घालून दिले, तेव्हा एक फरक स्पष्ट केला. जिथे सुबत्ता आहे तिथल्या ख्रिस्ती माणसानं अधिक संयम दाखवावा आणि उपासमारीत असलेल्यांना हात द्यावा. जिथे दैन्य आहे तिथल्यांनी आपलं दुःखच प्रार्थनेत देवापुढे ठेवावं. त्यात देशादेशांचा विचार होता. आपल्या शहरात मात्र हे दोन्ही देश एकाच धर्मग्रामात राहतात, एकाच मिस्साला एकाच बाकावर बसतात. सहाव्या मजल्यावरच्या कुटुंबाला आणि त्यांच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईला फादर वेदीवरून एकच नियम वाचून दाखवतात.

म्हणून माझं मागणं आहे ते धर्मग्राम परिषदांकडे. येत्या शुक्रवारी ज्यांना परवडतं त्या घरांनी मासळीबाजारात जाऊ नये. पेज-भाजीवर भागवावं, उरलेला पैसा त्याच संध्याकाळी क्रुसाच्या वाटेच्या भक्तीला येताना पाकिटात आणावा आणि त्याचा हिशेब सूचनाफलकावर लागावा. आणि त्या भांडी घासणाऱ्या बाईला शुक्रवारी कुणी मटणाचा डबा दिला, तर तिनं तो मुलांना घेऊन पोटभर खावा. तिच्याकडे पाहून कुणी भुवई उंचावू नये.