पाण्याचा हिशेब आणि पाण्याचा न्याय

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेले भाषण)



पाणीवाटपाचा प्रश्न आपण आजवर मोर्चात मांडला. आज तो मिलिमीटरमध्ये मांडावयाचा आहे. पिकाला किती पाणी लागते हे पाटकऱ्याची मर्जी ठरवीत नाही. हवामान, जमीन आणि पिकाचे वय ठरवितात.

रीत अवघड नाही. उघड्या बाष्पीभवन पात्रातील पाणी उन्हाळ्यात दिवसाला ८ मि.मी. घटले, असे धरा. त्यास पात्रगुणक ०.७ ने गुणले की ५.६ मि.मी. ही मूळ गरज निघते. भर वाढीतील उसाचा पीकगुणक सुमारे १.२५, म्हणजे त्याची गरज झाली ७ मि.मी. हेक्टरभर रानात १ मि.मी. पाणी म्हणजे १०,००० लिटर. तेव्हा एक हेक्टर ऊस दिवसाला ७०,००० लिटर पाणी पितो. यातून पाऊस आणि जमिनीतील ओल वजा करा, वाटेतली गळती मिळवा, की पाळीला किती पाणी सोडावे ते कळते.

आता हंगामाचा हिशेब पाहा. जागतिक अन्न व शेती संघटनेच्या अंदाजाप्रमाणे ज्वारीला ४५० ते ६५० मि.मी., तर उसाला १,५०० ते २,५०० मि.मी. पाणी लागते. एका एकर उसाच्या पाण्यात साधारण तीन एकर ज्वारी भिजते. कालव्याच्या शेपटाकडील शेतकरी कोरडा का राहतो, याचे एक उत्तर या आकड्यांत आहे.

म्हणून ऊस लावणाऱ्या लहान शेतकऱ्याला आपण शत्रू मानावयाचे काय? मुळीच नाही. उसाला कारखाना आहे, ठरलेला दर आहे. ज्वारीला भावाची हमी हाती पडत नाही. भावाचा लढा सोडून पाण्याचा लढा जिंकता येणार नाही.

आकडा न्याय देत नाही; न्याय माणसांनी करावयाचा असतो. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीत तो करून दाखविला. पाण्याचा हक्क जमिनीवर नव्हे, माणशी. दर माणशी अर्धा एकर भिजेल इतका. भूमिहीनही हक्कदार, आणि ऊस वर्ज्य.

२००५ च्या राज्य कायद्याने पाणीवापर संस्थांना पाणी मोजून देण्याची तरतूद केली आहे. पण मोजणारा माणूस शेतकऱ्यांपैकी नसेल, तर माप कोणाच्या हाती राहील? म्हणून येत्या आवर्तनात प्रत्येकाने आपल्या चारीचा हिशेब मांडावा : पिके कोणती, गरज किती, पाणी आले किती, शेपटापर्यंत पोचले किती. तो कागद हाती असेल, तर आपली मागणी कोणाला उडवून लावता येणार नाही.