पर्वताच्या झिजेचे घड्याळ

पर्वताची उंची मोजता येते. त्याच्या झिजेचा वेग कसा कळावा? अपेटाइट खनिजाच्या कणात युरेनियमचे अणू आपोआप फुटून सूक्ष्म चरे उमटतात. खडक सुमारे ११० अंश सेल्सिअसहून अधिक तप्त असेतो ते बुजतात. वरचे थर झिजून तो निवला की टिकतात. चऱ्यांची संख्या व युरेनियमचे प्रमाण यांवरून निवण्याचा काळ निघतो. (हे पर्वताचे वय नव्हे!) ८,१२६ मीटर उंच नंगा पर्वताच्या परिसरात हा काळ काही ठिकाणी १० लक्ष वर्षांहूनही कमी भरतो. तेवढ्यात कित्येक किलोमीटर जाडीचा खडक हिमनद्यांनी व सिंधूने वाहून नेला. भूगर्भाने उचलल्यामुळे पर्वत झिजला, की हवामानाने झिजवल्यामुळे तो उचलला गेला, याविषयी शास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाही.