गटाची वही मोबाईलमध्ये जाताना



हल्ली गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. "ताई, आता सगळं मोबाईलवर भरायचं, तर वही कशाला लिहायची?" आज त्याच्यावरच बोलू या.

नाबार्डने 2015 साली बचत गटांसाठी 'ई-शक्ती' प्रकल्प सुरू केला. सुरुवातीला दोनच जिल्हे घेतले, झारखंडमधला रामगढ आणि आपला धुळे. गटाची बचत, कर्ज, परतफेड यांची नोंद संगणकात जाऊ लागली. याचा फायदा मोठा आहे. कर्ज मागायला गेलं की बँकेचे साहेब आधी विचारतात, बैठका नियमित होतात का? हप्ते वेळेवर येतात का? नोंदी समोरच दिसल्या की गटाची पत त्यांना लवकर कळते.

पण बायांनो, आपण भरू तेच मोबाईल दाखवणार. एखादीने 500 रुपये हप्ता दिला आणि भरताना एक शून्य सुटलं, तर नोंद होईल 50 रुपयांची. 450 रुपये तिच्या नावावर थकीत! वही बैठकीत मोठ्याने वाचली, तर कुणीतरी लगेच म्हणेल, "अगं, तिने पाचशे दिलेत." म्हणून आधी वही, मग वाचन, मग मोबाईल.

दुसरं, गटातली एकच शिकलेली पोर सगळं भरते. उद्या ती लग्न होऊन सासरी गेली, की काम अडतं. दोघी-तिघींनी तरी शिकून घ्या.

तिसरं, फोन कुणाचा? बऱ्याच घरांत एकच फोन, तोही नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खिशात. गटाचा संदेश तिकडे जातो आणि आपली बचत किती, हे आपल्यालाच शेवटी कळतं. आलेला संदेश घरी वाचून मागा. तो आपला हक्क आहे.

आणि हे पक्कं लक्षात ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. ओटीपी कुणालाही सांगू नका, मग तो बँकेचं नाव सांगो की योजनेचं. फसवणूक झालीच तर लाजू नका, लगेच 1930 वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

येत्या बैठकीत एवढं करा. वहीतला आकडा आणि मोबाईलमधला आकडा प्रत्येकीच्या नावासमोर जुळवून बघा. जुळला नाही, तर त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या.