दिवाण रावजी आपाजींचा करार

रावपुऱ्यातून पूर्वेस लहरीपुरा दरवाजाकडे निघालेला वाटसरू थोड्याच वेळात वडोदऱ्याच्या जुन्या कोटबंद शहरात शिरतो. १८०२ सालच्या डिसेंबरात ह्याच शहरास इंग्रजी फौजेचा वेढा पडला होता. नवल हे की, ती फौज शत्रू म्हणून आलेली नव्हती. राज्याच्या दिवाणानेच तिला साहाय्यास पाचारण केले होते. त्या दिवाणाचे नाव रावजी आपाजी.

रावजींपुढील संकट खोटे नव्हते. गोविंदराव गायकवाड १८०० साली निवर्तले आणि मनाने दुर्बळ असे आनंदराव गादीवर आले. सावत्र बंधू कान्होजींनी सत्ता बळकावण्याचा यत्न केला. त्यांचा पक्ष घेऊन कडीचे मल्हारराव चालून आले. तिजोरी रिकामी होती आणि पगार थकल्यामुळे अरब शिबंदी हटून बसली होती. अशा वेळी रावजींनी मुंबईकर इंग्रजांकडे धाव घेतली. मेजर वॉकर आले, कडी पडली, आणि अखेर वेढ्यानंतर अरबांनाही वडोदरे सोडावे लागले.

ह्या साहाय्याची किंमत १८०५ च्या तहात स्पष्ट झाली. तीन हजारांची तैनाती फौज राज्यावर बसली. तिच्या खर्चासाठी ११ लक्ष ७० हजार रुपये उत्पन्नाचा मुलूख इंग्रजांस द्यावा लागला. परराज्यांशी व्यवहार करण्याचा अधिकारही गेला.

तथापि खरा दोष दुसऱ्याच कलमात आहे. दिवाणगिरी आपल्याच घराण्यात राहावी, असे गुप्त वचन रावजींनी १८०२ सालीच इंग्रजांकडून घेतले होते. राज्याचे हित आणि स्वतःचे हित एकाच कागदावर आले की, कोणते कोणासाठी विकले गेले हे सांगणे कठीण होते. १८०३ साली रावजी वारले. दत्तक पुत्र सीताराम दिवाण झाले खरे. परंतु काही वर्षांतच त्यांच्या हातची सत्ता गेली. वचन देणाराच आता धनी झाला होता.

युरोपातही ह्याच जातीचा प्रसंग घडला. बेल्जममधील फ्लेमिश राष्ट्रवादी पक्षाने १९४० नंतर स्वजनांच्या भाषेचे व हक्कांचे नाव घेऊन जर्मन आक्रमकांशी हातमिळवणी केली. स्वायत्तता मिळाली नाही. युद्धानंतर मात्र अनेकांस न्यायासनापुढे उभे राहावे लागले.

पुण्याची पेशवाई १८१८ साली बुडाली, वडोदऱ्याची गादी मात्र टिकली, हे रावजींच्या बाजूने अवश्य म्हणता येईल. परंतु घरचे भांडण मिटविण्यास बोलाविलेला पाहुणा उंबरठ्याबाहेर परत गेला नाही. त्यास निरोप देण्यास १९४७ साल उजाडावे लागले.