जकात गेल्यानंतर
मुलुंडच्या नाक्यावर २०१७ सालापर्यंत मालमोटारी तासन्‌तास ताटकळत. शहरांत खपावयाच्या मालाला जकात भरल्याखेरीज आंत प्रवेश नसे. १९५७ सालीं मुंबईची हद्द मुलुंड-दहिसरपर्यंत वाढली, म्हणून नाकेहि तेथेंच. कारकून बीजक पाही, मालाची किंमत धरी आणि ठरल्या दरानें रक्कम घेई. ती थेट महापालिकेच्या तिजोरींत पडे. घाटकोपरचें राजावाडी, बोरिवलीचें भगवती हीं रुग्णालयें ज्या उत्पन्नावर चाललीं, त्यांत या कराचा वाटा सर्वांत मोठा होता.

वेळ व इंधन फुकट जाई, चुकवेगिरीहि होई. नाका आला कीं आडवाट आलीच. परंतु शहराचा व्यापार वाढला कीं शहराची मिळकतहि आपोआप वाढे. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर आला आणि जकात गेली. २०१६-१७ च्या उत्पन्नावर दरसाल चक्रवाढीनें आठ टक्के वाढवून राज्यानें भरपाई द्यावी, असें कायद्यानें ठरलें. मंदींतहि हा ओघ आटत नाहीं, हें खरें. पण कमावलेला पैसा निराळा आणि मिळालेला निराळा. श्रोत्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, महापालिकेचा हक्काचा मोठा कर आतां घरपट्टीचाच. आणि २०२२ पासून पांचशें चौरस फुटांपर्यंतच्या घरांना तींतूनहि माफी मिळाली, तीहि राज्य सरकारच्या निर्णयानें.