वरखर्च आणि विद्यापीठाची दृष्टी



वरठीत उतरणाऱ्या प्रवाशाला फलाटावर ‘भंडारा रोड’ ही पाटी दिसते. एका बाजूस सनफ्लॅगचा पोलाद कारखाना, भोवती धानाच्या बांध्या आणि जिल्हाभर पसरलेले मामा तलाव. या भूमीला लागणारे ज्ञान कोणी निर्माण करावे? अर्थातच १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाने; भंडारा त्याच्याच कार्यक्षेत्रात येतो. परंतु विद्यापीठ कोणता प्रश्न हाती घेते, हे केवळ विद्वानांच्या जिज्ञासेवर ठरत नाही, तिजोरीवरही ठरते.

संशोधनासाठी अनुदान मिळते, तेव्हा उपकरणे, रसायने व साहाय्यकांचे वेतन यांखेरीज काही रक्कम संस्थेला मिळते. हा वरखर्च, म्हणजेच ओव्हरहेड. वीज, पाणी, ग्रंथालय, हिशेब यांसाठी तो असतो. ती खैरात नव्हे. दिवा लावायचा तर तेल हवेच.

मात्र ही रक्कम बहुधा टक्केवारीने मोजली जाते. समजा, दर १० टक्के आहे. एक कोटीच्या प्रकल्पातून संस्थेला दहा लाख मिळतील. मामा तलावांतील गाळाचा अभ्यास पाच लाखांत होत असेल, तर हाती येतील पन्नास हजार. अशा वेळी जागा, नेमणुका आणि गौरव महागड्या यंत्रांच्या विषयांकडे वळू लागले, तर नवल ते काय? शेतकऱ्याचा प्रश्न क्षुद्र म्हणून नव्हे, तर स्वस्त म्हणून मागे पडतो.

दुसरे टोक अमेरिकेत दिसते. तेथे हार्वर्डचा दर ६९ टक्क्यांपर्यंत गेला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने सरसकट १५ टक्क्यांची मर्यादा जाहीर करताच विद्यापीठे हादरली आणि प्रकरण न्यायालयात गेले. परावलंबी तिजोरी एका आदेशाने डळमळते, हा त्यातील धडा.

पैसा दिशा देतोच. ती दिशा कोण ठरवतो, हा खरा प्रश्न. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या मृत्युपत्रातील देणगीतून १९४२ साली नागपुरात तंत्रविज्ञान संस्था उभी राहिली. तेथे हेतू आधी होता, द्रव्य त्याच्यामागून आले.

२०२३ च्या कायद्याने राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान अस्तित्वात आले असून, त्याच्या निधीचा मोठा वाटा शासनाबाहेरून अपेक्षित आहे. अशा वेळी प्रत्येक विद्यापीठाने वरखर्चाचा एक निश्चित हिस्सा परिसरातील अल्पखर्ची संशोधनासाठी राखावा. उद्योजकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी केवळ नामफलकाच्या इमारतींना नव्हे, तर प्रयोगशाळेच्या वीजबिलालाही हातभार लावावा. समाजाने तेल घातले, तर दिव्याचा प्रकाश समाजाच्या अंगणातही पडेल.