शेजारधर्माची किंमत
(वाशीम येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



१९४३ च्या ऑक्टोबरात डेन्मार्कमधील सात हजारांहून अधिक ज्यूंना तेथील सामान्य नागरिकांनी घरांत, इस्पितळांत, चर्चमध्ये दडवले आणि मच्छीमारांच्या होड्यांतून स्वीडनला पोहोचते केले. नाझींच्या ताब्यातील पोलंडमध्ये तर ज्यूला आसरा देणाऱ्यास देहान्ताची शिक्षा होती. तरीही काही दारे उघडलीच. या परक्या माणसांचा गौरव करणे सोपे आहे. तशीच घटका आपल्या दाराशी आली तेव्हा काय घडले, हा प्रश्न अवघड आहे.

पैनगंगेच्या अलीकडे वऱ्हाड, पलीकडे निजामाची हुकूमत, अशी ही शीव होती. १९४७-४८ मध्ये पलीकडच्या गावांत रझाकारांनी लुटालूट, जाळपोळ आणि हत्या यांचे थैमान घातले. त्यांना विरोध करणारा हिंदूच असे असे नव्हे. हैदराबादचे तरुण उर्दू संपादक शोएबुल्ला खान यांना २२ ऑगस्ट १९४८ रोजी याच विरोधापायी प्राण गमवावे लागले. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरले, १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. मराठवाडा मुक्त झाला, ही इतिहासातील न्याय्य घटना होय.

परंतु त्या विजयाच्या सावलीत सूडाचे दुसरे चक्र फिरले. ज्यांचा रझाकारांशी काडीचाही संबंध नव्हता, अशी असंख्य गरीब मुस्लिम कुटुंबे त्यात चिरडली गेली. पंतप्रधान नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार प्रभृतींच्या समितीने १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात संस्थानाच्या १६ पैकी ९ जिल्ह्यांत फिरून पाहणी केली. मृतांचा तिचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड यांना सर्वाधिक झळ लागली होती. सरकारने हा अहवाल त्या वेळी प्रसिद्ध केला नाही. दीर्घकाळ तो दप्तरात पडून राहिला.

त्याच अहवालात एक दुसरी नोंद आहे. अनेक ठिकाणी हिंदूंनी मुस्लिम शेजाऱ्यांना आश्रय दिला आणि त्यासाठी प्रसंगी प्राणही दिले. ही आपुलकी एकाच धंद्यातील माणसांत विशेष दिसली. काही गावी हिंदू विणकर मुस्लिम विणकरांच्या रक्षणासाठी स्वधर्मीयांच्या जमावासमोर उभे राहिले व त्यांतले काही मारले गेले.

समाजवाद्याने येथे थांबून विचार केला पाहिजे. त्या विणकरांना धर्मनिरपेक्षतेवर कोणी व्याख्यान दिले नव्हते. एकाच बाजारात सूत घेणे, एकाच सावकाराचे देणे, एकाच मंदीत उपाशी राहणे, यातून त्यांचे नाते विणले गेले होते. अर्थात समान श्रम म्हणजे आपोआप बंधुभाव, असा सिद्धान्त काढणे भाबडेपणाचे ठरेल; समान दुःखाचे लोक जमावातही असतील. पण जेथे श्रमाचे नाते रोजच्या व्यवहारात जिवंत होते, तेथे अफवेला आणि सूडाला अडवणारा माणूस निघाला, एवढे त्या नोंदीवरून दिसते. दंगलीच्या रात्री शांतता समिती नेमून हे नाते निर्माण होत नाही; ते आधीच्या वीस वर्षांत घडावे लागते.

ज्यूंना वाचवणाऱ्या २८ हजारांहून अधिक व्यक्तींची नावे जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेने नोंदवली आहेत. आपल्या विणकरांच्या नावाची पाटी कोठे आहे? सूड घेणाऱ्यांच्या कथा गावोगाव सांगितल्या जातात, वाचवणाऱ्यांच्या विस्मरणात जातात. आणि पुढच्या पिढीला शौर्याचा एकच नमुना उरतो.

म्हणून रिसोड-वाशीमच्या सीमेवरील कार्यकर्त्यांपुढे दोन कामे आहेत. त्या काळाचे जे थोडे वृद्ध साक्षीदार उरले असतील, त्यांच्याकडून रझाकारी काळात आणि नंतरही कोणी कोणाला दडवले, याची दोन्ही बाजूंची नोंद करणे. आणि शेतमजूर, हमाल, विणकर यांच्या संघटनांत धर्मावरून फळी पडू न देणे. पहिले काम या वर्षीच व्हायला हवे, कारण ते साक्षीदार फार काळ राहणार नाहीत. दुसऱ्याला अंत नाही.